गेममधली गाडी आणि फाटकावरची गाडी

मुलांनो, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तलासरीला एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. दारात पाऊल टाकतो तो काय, आतून एकच आरडाओरडा! "गाडी आली, गाडी आली! थांब! नको, घुसव, घुसव!"

आता तलासरी गावाला काही रेल्वे स्टेशन नाही. मग ही गाडी आली कुठून?

बघतो तर टीव्हीसमोर दोघे ठाण मांडून बसलेले. मुंबईचा आतेभाऊ सुट्टीला आला होता आणि येताना व्हिडिओ गेम घेऊन आला होता. पडद्यावर वाळवंट, त्यात शर्यतीचा रस्ता आणि त्या रस्त्याला आडवी जाणारी आगगाडी. माझ्या विद्यार्थ्याने वेग वाढवला. गाडीने धडक दिली आणि त्याची छोटी मोटार गरगरत हवेत उडाली. मी दचकलो. तो मात्र हसत म्हणाला, "काय नाय होत सर. परत चालू होते."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज हा लेख.

शर्यतीतली आगगाडी

कार्ट म्हणजे जमिनीलगत बसकी, उघडी, छोटीशी मोटार. पहिली कार्ट आर्ट इंगल्स याने 1956 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बनवली. पुढे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1992 मध्ये 'सुपर मारिओ कार्ट' हा गेम काढला. गंमत म्हणजे ही कंपनी 1889 साली सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनवण्यासाठी!

त्यानंतर 1996 साली जपानमध्ये 'मारिओ कार्ट 64' आला. त्यात 'कालीमारी डेझर्ट' नावाचा मार्ग होता. वाफेच्या इंजिनाची गाडी आपल्या रुळांवरून फिरत असते आणि शर्यतीचा रस्ता ते रूळ ओलांडतो. थांबायचं की निसटायचं, हे क्षणात ठरवायचं. हा मार्ग मुलांना एवढा आवडला, की 2022 मध्ये तो 'मारिओ कार्ट 8 डिलक्स'मध्ये पुन्हा आणला गेला. आमचे दोघे वीर तोच खेळत होते.

या गेममध्ये अडथळे पुष्कळ. कुणी केळीची साल टाकतो, कुणी नेम धरून कासवाचं कवच मारतो. आगगाडी मात्र कुणावर नेम धरत नाही. पहिला कोण, शेवटचा कोण, तिला काही देणंघेणं नाही. ती आपल्या रुळांवरून आपल्या वेगाने जाते. तिच्याशी जुळवून घ्यायचं ते आपणच.

एवढी गोष्ट गेम बनवणाऱ्यांनी अगदी खरी दाखवली आहे बरं का!

ती थांबत का नाही?

आता पडदा सोडून डहाणू रोड स्टेशनकडे या. इथून मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, मालगाड्या जातात आणि एप्रिल 2013 पासून विरारपलीकडची लोकलही इथपर्यंत येते.

ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी घेऊ. म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. कबड्डीचं मोठं मैदान 13 मीटर लांब असतं. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत गाडी अशी दोन मैदानं पार करते!

चालकाने ब्रेक लावला तर? बसचा रबरी टायर डांबराला घट्ट धरतो. रेल्वेचं पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं, तिथे घर्षण फार कमी. म्हणून तर एक इंजिन एवढे डबे सहज ओढतं. पण म्हणूनच थांबायलाही वेळ लागतो. त्यात वजन! डब्ल्यूएपी-7 जातीचं नुसतं विजेचं इंजिन 123 टनांचं असतं. अशा गाडीला थांबायला कित्येकशे मीटर लागतात, कधी किलोमीटरभरसुद्धा. आणि बाजूला वळणं तर शक्यच नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, गाडी लांब दिसली तर आपण पटकन जाऊ." इथेच डोळे फसवतात. हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 साली हे मांडलं, की मोठी वस्तू असते त्यापेक्षा हळू येते आहे असं आपल्याला वाटतं. आकाशातलं विमान बघा, कसं संथ वाटतं! समोरून येणारं इंजिनही तसंच लांब आणि हळू वाटतं. गेममध्ये गाडी तीच, वेग तोच; चार वेळा हरून अंदाज जमतो. फाटकावर सराव करायला दुसरी खेप मिळत नाही.

माझी चूक

आता एक कबुली देतो. नोकरीला लागलो त्या वर्षी शाळेला उशीर होत होता आणि वाटेतलं फाटक बंद. एक मालगाडी गेली. मी वाकून दांड्याखालून निघालो. तेवढ्यात गेटमन जिवाच्या आकांताने ओरडला. मी जागीच थिजलो. मालगाडीच्या आडून, दुसऱ्या रुळावरून, उलट दिशेने एक्स्प्रेस धडधडत गेली. मागे वळून पाहिलं तर माझ्याच वर्गातली दोन मुलं सायकल धरून उभी होती. ती थांबली होती. सर थांबले नव्हते.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. आपण वाकलो, की मुलं वाकायला शिकतात. परवानगीशिवाय रुळांवर जाणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, ते वेगळंच. ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली सगळी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत हटवण्यात आली. बहुतेक फाटकं सिग्नलला जोडलेली असतात. दांडा खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला पुढचा सिग्नल मिळत नाही. म्हणून दांडा पडताना वाहन घुसवलं, तर आपण सगळी गाडी खोळंबून ठेवतो. आपल्या डहाणू-तलासरीतून जाणाऱ्या 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर तर एकही फाटक नाही. एवढ्या वेगासमोर रस्ता आडवा नकोच, हे त्यामागचं साधं कारण.

मग गेम खेळायचा नाही का? खुशाल खेळा, अभ्यास झाल्यावर! मीही त्या दिवशी एक डाव खेळलो आणि तिन्ही फेऱ्यांत गाडीखाली आलो. दोघे पोट धरून हसले. मग आम्ही कागदावर गाडीच्या वेगाचं गणित मांडलं. "सेकंदाला दोन मैदानं?" माझा विद्यार्थी म्हणाला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.

तुम्हीही आता फाटकावर थांबलात, की दांड्यापासून चार पावलं मागे उभे राहा आणि डबे मोजा. एक गाडी गेली तरी दांडा वर जाईपर्यंत हलू नका. मोजलेले डबे वहीत लिहून ठेवा आणि सोमवारी वर्गात सांगा.