गंजलेली हत्यारे आणि घरगुती शिरका

संघाच्या वार्षिक अंकासाठी व्यापारोपयोगी असे काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली. करांविषयी आणि बाजारभावांविषयी अधिकारवाणीने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य धान्याच्या वखारीत गेलेले. तेव्हा वखारीतल्याच एका गोष्टीविषयी, म्हणजे जुन्या लोखंडी हत्यारांवरील गंजाविषयी लिहावे हे बरे.

बेळगावकडील पावसाळा सभासदांस ठाऊक आहेच. तागाची गोणी हवेतील ओल धरून ठेवते आणि तिच्या सान्निध्यात टांगलेली परखी, हमालांचा आकडा, दाभण ही सर्व चातुर्मास संपण्यापूर्वीच तांबूस होतात. लोखंडास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही एकत्र मिळाली की गंज धरतो; मिठाचा अंश असेल तर अधिक वेगाने. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. गंज आपण होऊन थांबत नाही, तो यामुळेच.

आकडा किंवा हातोडी कानशीने वा काचकागदाने घासता येते. परखीची गोष्ट निराळी. ती पन्हळीसारखी पोकळ, टोकाशी निमुळती. आतल्या बाजूस हात पोचत नाही, आणि नमुन्याचे दाणे तर नेमके तेथूनच घरंगळत येतात. आतून गंजलेल्या परखीने काढलेला गहू डागाळलेला दिसतो आणि सौदा विनाकारण अडतो. अशा हत्यारास भिजत घालणे हाच उपाय, आणि त्यासाठी शिरका, म्हणजे व्हिनेगर, पुरेसा होतो.

शिरक्यातील आंबटपणा अ‍ॅसेटिक आम्लाचा. बाजारातील बाटलीत ते सुमारे चार टक्के असते. आपल्यापैकी कित्येक घरांत आंबवलेला शिरका वर्ज्य आहे. त्यांनी ‘सिंथेटिक’ असे छापलेली बाटली पाहून घ्यावी. तो आंबवून केलेला नसतो, आम्लात पाणी घालून केलेला असतो. तोही नको असल्यास चिंचेचा कोळ चालतो. पितळेची भांडी उजळण्यास आपल्या घरांतून चिंच वापरतात, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. वेळ मात्र अधिक लागतो.

हत्यारावरील तेलकटपणा प्रथम साबणाने काढावा आणि सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशाने झाडावेत. लाकडी मूठ निघत असेल तर काढून ठेवावी. भिजवण्यास काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे, अ‍ॅल्युमिनियमचे कदापि नको. परखीसाठी एका टोकास बूच लावलेला प्लास्टिकचा नळ उभा करावा, म्हणजे थोड्या शिरक्यात ती पूर्ण बुडते. अर्धवट बुडालेल्या हत्यारावर द्रवाच्या पातळीशी रेघ उठते. बारा तासांनी पाहावे, घासावे, लागल्यास पुन्हा ठेवावे. एका दिवसाहून अधिक बहुधा लागत नाही. आम्ल गंज विरघळवते तसेच सावकाश लोखंडही खाते. वर येणारे बारीक बुडबुडे हायड्रोजनचे असतात. म्हणून बाहेरगावी जाताना हत्यार भिजत टाकून जाऊ नये. करवतीसारखे कडक पाणी दिलेले पोलाद फार वेळ ठेवल्यास ठिसूळ होण्याचा संभव असतो. जस्ताचा मुलामा दिलेली वस्तू तर घालूच नये, मुलामाच निघून जाईल.

काही जण शिरक्यात मीठ घालण्यास सांगतात. काम लवकर होते हे खरे. परंतु खाचेत राहिलेले मीठ पुढे पुन्हा गंज आणते. मी ते घालीत नाही.

बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावे, नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात थोडा वेळ बुडवावे, पुन्हा धुवावे आणि लगेच कोरडे करावे. येथे आळस केला तर तासाभरात पिवळसर गंज परत दिसतो. उन्हात तापवून तेलाचा हलका हात फिरवावा. परखीचा धान्याशी संबंध येतो, म्हणून यंत्राचे तेल लावू नये. खोबरेल पुसटसे लावावे आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. जवसाचे तेल चांगला थर धरते, पण त्यात भिजलेले बोळे एकत्र कोंबून ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गोण्यांनी भरलेल्या वखारीत हा धोका कोणी पत्करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानातील बिडाची वजने गंजली म्हणून ती शिरक्यात घालू नयेत. गंजाबरोबर लोखंडाचाही अंश जातो आणि वजन हलके होते. हलक्या वजनाने विकले की गिऱ्हाईकास कमी माल जातो, आणि त्याच वजनाने शेतकऱ्याकडून घेतले की आपणांस कमी येतो. नुसत्या गंजानेही वजन बदलते: गंज चिकटून असेतो किंचित वाढते, पापुद्रे गळाले की घटते. वजनाच्या पोटातील शिशावर शासकीय शिक्का असतो. तेथे आम्ल पोचून अक्षरे पुसट झाली तर खुलासा आपल्यालाच द्यावा लागेल. 2009 च्या वैधमापन कायद्यान्वये वजनांची मुदतीने फेरतपासणी करून घ्यावी लागते. गंजलेले वजन जसेच्या तसे तेथे न्यावे, अथवा मोडीत काढून नवे घ्यावे. काट्यावर तोलणाऱ्या पेढ्यांतही अशी वजने कोपऱ्यात पडलेली असतात आणि वीज गेली की हाताशी येतात, म्हणून हे लिहिले.

1956 च्या कायद्याने दशमान वजने आली, त्यापूर्वीचे शेर आणि अच्छेर काही घरांत आठवण म्हणून जपलेले आहेत. ते तोलण्यास वापरावयाचे नसल्यामुळे खुशाल स्वच्छ करावेत. मात्र लोखंड आणि पितळ एकत्र जोडलेले असल्यास भिजत न घालता शिरक्याच्या फडक्याने पुसावे.

वापरलेला काळपट शिरका भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडावा. शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये. ती चुनखडीची असल्याने पांढरा डाग कायमचा राहतो. तसेच मोरीत धुण्याचे ब्लीचिंग द्रव्य त्याच वेळी टाकलेले नसावे, कारण दोहोंच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो.