पाण्याच्या शाणेचा नट का अडकतो?

बकरी ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे धार लावणाऱ्यांचा हंगाम. सुरे, सत्तूर, चाकू यांचा ढीग लागतो आणि यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत फिरते. ईद झाली की तेच यंत्र दुकानाच्या कोपऱ्यात जाते. २०२४ साली ईद १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे ओले यंत्र बाजूला ठेवायचे दिवस आणि पाऊस सुरू व्हायचे दिवस एकच! पुढे कधी दगड बदलायला पाना लावला, की नट जागचा हलत नाही. दोष नटाला दिला जातो. आमच्या मते नट कामात अडकत नाही, तो विश्रांतीत अडकतो.

कोरडा ग्राइंडर मिनिटाला २८००च्या आसपास फेरे घेतो, तर पाण्याच्या शाणेचा दगड साधारण ९० ते १२०. त्यामुळे पाते तापत नाही आणि पोलादाचे पाणी उतरत नाही. एकदा का पात्याची कड निळी पडली, की ती धार टिकत नाही, हे कुरेशी बांधवांना आणि सुतारांना सांगायला नको. म्हणून हे यंत्र महाग असले तरी परवडते. मात्र जे पाणी पात्याला वाचवते, तेच दांड्याला खाते.

हा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ते पाणी हळूहळू मधल्या भोकापर्यंत, वॉशरखाली, आट्यांत पोचते. साधा लोखंडी दांडा असेल तर तेथे गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो. आट्यांतली फट तेवढीशी, ती भरली की नट पकडला जातो. काही नव्या यंत्रांना स्टेनलेसचा दांडा येतो. घेताना तेवढे विचारून घ्यावे.

उपाय साधा आहे. काम संपले की पाण्याची पेटी खाली काढावी आणि तळाची लोखंडी चुरी धुऊन टाकावी. दगड पाण्यात उभा राहिला तर एकच बाजू पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या दिवशी चाक हिसके देते. पेटी काढल्यावर यंत्र पाचेक मिनिटे रिकामे चालवले तर बरेचसे पाणी निघून जाते. महिन्यातून एकदा नट सोडून दांडा आणि आटे पुसावेत, पाण्यात न धुपणारे ग्रीस बोटाने पातळ लावावे आणि नट पुन्हा बसवावा. ग्रीस दगडाच्या अंगाला लागू देऊ नये. नट जोर लावून आवळण्याची गरज नाही, कारण बहुतेक यंत्रांत दगडाच्या फिरण्यानेच तो घट्ट होत जातो. हंगाम संपल्यावर तर दगड काढूनच ठेवावा, हे उत्तम.

आता अडकलेल्या नटाचे. प्रथम प्लग काढा. मग आटे कोणत्या बाजूचे आहेत ते पाहा. दांडा उभा धरला आहे असे समजून पाहावे: आटे उजवीकडे चढत असतील तर नट नेहमीसारखा डावीकडे सुटेल, डावीकडे चढत असतील तर उलटा. कित्येक नट निव्वळ चुकीच्या दिशेने जोर लावल्याने आणखी आवळले जातात. यंत्र आडवे करून नट वर येईल असे ठेवा आणि गंज सोडवणारे तेल आट्यांवर थेंब थेंब सोडा. भोवती चिंधी गुंडाळा, कारण तेल प्यालेला दगड नीट कापत नाही. तेलाला रात्रभर वेळ द्या. घाई करणारा येथेच फसतो.

सकाळी नेमक्या मापाचा पाना लावून त्याच्या दांड्यावर लाकडी हातोडीने एक आखूड झटका द्यावा. जड दगड स्वतःच्या वजनाने क्षणभर जागीच राहतो आणि नट सुटतो. दगड अडवण्यासाठी त्याच्या कडेला लोखंडी पहार घालणे किंवा दगडावर ठोके मारणे, या दोन्हींनी तडा जातो. दुसऱ्या माणसाने जाड कापडाने दगड दोन्ही हातांनी धरला तर पुरते. ज्योतीने नट तापवण्याचा प्रयोगही नको. ओल्या दगडात वाफ होते आणि तो फुटू शकतो.

एवढे करूनही नट हटला नाही तर त्याचा मोह सोडावा. दगडावर पत्रा झाकून नटाची एक बाजू हॅक्सॉने आट्यांच्या जवळपर्यंत कापावी आणि चिरेत छिन्नी घालून नट उघडावा. नवा नट काही रुपयांचा, दगड हजारांचा. नवीन नट बसवण्याआधी आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, आणि तो हाताने शेवटपर्यंत फिरतो ना, हे पाहूनच दगड चढवावा.