चेतातंतूंना वाट दाखविणारे पृष्ठभाग

मनगटाची चेता तुटून शल्यक्रिया झालेला रुग्ण चिकित्सालयात येऊन विचारतो, "वैद्यराज, ही नस पुन्हा वाढेल का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी चेतातंतू कसा वाढतो, हे वैद्याने जाणले पाहिजे.

रॉस हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊती लसीकेच्या थेंबात ठेवून पेशीतून तंतू फुटताना प्रत्यक्ष पाहिला. तंतूच्या टोकाशी पंज्यासारखा चंचल भाग असतो. त्यास 'ग्रोथ कोन' म्हणतात. तो पुढील पृष्ठभाग चाचपतो व जेथे पकड मिळते तेथे तंतूस पुढे नेतो.

याच गुणाचा उपयोग करून 1988 मध्ये क्लाइनफेल्ड व सहकाऱ्यांनी पृष्ठभागावर दोन प्रकारच्या रेणूंचे आलेखन केले. अमाइनयुक्त पट्ट्यांवर चेतापेशी रुजल्या. हायड्रोकार्बनयुक्त पट्ट्यांवर त्यांना पकड मिळाली नाही. पुढे रबरी शिक्क्याने लॅमिनिनसारखी प्रथिने छापण्याची पद्धती आली.

केवळ आकर्षणाने मात्र दिशा ठरत नाही. बोनहोफर यांच्या प्रयोगशाळेत 1987 मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूतील पेशीपटलांच्या आलटून-पालटून पट्ट्या मांडल्या, तेव्हा दृष्टिपटलाच्या कानाकडील भागातून निघालेल्या तंतूंनी मेंदूच्या मागील भागाच्या पट्ट्या टाळल्या. म्हणजे शरीरात 'इकडे ये' या संकेताबरोबरच 'इकडे नको' हाही संकेत असतो.

काचेवरील हे यश शरीरात जसेच्या तसे उतरत नाही. परिसरीय चेता दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढते. अर्थात 150 मिलिमीटर अंतरास सुमारे पाच महिने लागतात, आणि तेही तुटलेली टोके जुळलेली असतील तर. मेरुरज्जूत व्रणऊती आणि मायलिनमधील काही प्रथिने वाढीस अटकाव करतात.

यातून व्यवहारात दोन गोष्टी निष्पन्न होतात. चेताछेदाचा संशय येताच रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे; टोके दुरावलेली असता केवळ अभ्यंग व तैलप्रयोगात काळ दवडू नये. दुसरे, औषधालयचालकांनी 'नसा पुन्हा वाढवितो' अशी जाहिरात करणाऱ्या उत्पादनाकडे चिकित्सक दृष्टीने पाहावे. 1954 च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या परिशिष्टात पक्षाघाताचा समावेश आहे. चेतेस योग्य वाट व पुरेसा काळ लागतो, एवढे रुग्णास प्रामाणिकपणे सांगणे हेही चिकित्सेचेच अंग होय.