लाइट आली, तरी जनरेटर थांबेना

धारोष्ण दूध साधारण ३७ अंशांचं असतं. ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवावं लागतं, नाहीतर त्यातले जिवाणू भराभर वाढतात आणि दूध नासतं. ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी आल्यावर कडेगाव तालुक्यात ऊस वाढला, उसाचं वाडं गोठ्यात जाऊ लागलं, आणि दुधाचा जोडधंदा घराघरातला बाजारखर्च चालवतो. म्हणून संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरला वीज सलग लागते. कूलरच्या खोलीमागे जनरेटर असतो आणि भिंतीवर लोखंडी पेटी, म्हणजे एएमएफ पॅनल. लाइट गेली की जनरेटरला सेल्फ मारायचा, भार त्याच्यावर घ्यायचा, लाइट आली की भार परत लाइनवर टाकून जनरेटर बंद करायचा, हे सगळं त्या पेटीतला तळहाताएवढा कंट्रोलर ठरवतो.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी अशाच एका केंद्रावर मी होतो. दुपारच्या वाऱ्यात तार तुटली होती. ती जोडून झाली, गावात दिवे लागले, पण केंद्रावरचा जनरेटर चालूच. डिझेल जळत होतं. ऑपरेटर म्हणाला, “लाइट येऊन तास झाला ओ, पण ह्यो बंदच हुईना. कार्ड गेलं असंल.” विट्याहून जनरेटरचे मेस्त्री आले. त्यांनी पेटी उघडण्याआधी विचारलं, “अण्णा, लाइट जायच्या आधी सगळं नीट होतं का? मधे कुणी वायरिंगला हात लावलाय का?” केंद्रात कुणीच हात लावला नव्हता.

कंट्रोलरच्या पडद्यावर एवढंच दिसत होतं की मेन्स ठीक नाही. मेस्त्रींनी मेन स्विचच्या आतल्या बाजूला मीटर लावला. आर-वाय, वाय-बी, बी-आर, तिन्ही जोड्यांत ४१५ व्होल्टच्या आसपास. मग तेच माप कंट्रोलरच्या टर्मिनलवर घेतलं. बारीक सेन्सिंग वायर आणि तिचे फ्यूज ही या पॅनलमधली नेहमीची दुखरी जागा. एखादा फ्यूज उडाला की लाइन चांगली असूनही कंट्रोलरला ती दिसत नाही. इथे फ्यूज शाबूत होते, तिन्ही आकडे जुळत होते. कंट्रोलरमधल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्होल्टेजच्या मर्यादाही बरोबर होत्या.

हे सगळं तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून फेज सिक्वेन्स मीटर काढला. त्याची खूण उलटी आली. तितक्यात शेजारचे गिरणीवाले विचारत आले, “आमची मोटार उलटी फिरतीया, तुमच्याकडं काय झालंय?” दोष तिथेच उघडा पडला. बाहेर लाइन जोडताना दोन फेजांची अदलाबदल झाली होती. दिव्यांना त्याने फरक पडत नाही, तीन फेजच्या मोटारीला पडतो. या कूलरचा कॉम्प्रेसर स्क्रोल जातीचा होता. तो उलटा फिरला तर दूध थंड होत नाही, आणि तसाच चालत राहिला तर खराब होतो. कंट्रोलरने उलटी लाइन नाकारून तो वाचवला होता.

वायर आपल्याच पॅनलमध्ये बदलून काम उरकता आलं असतं. मेस्त्रींनी ते केलं नाही. त्याच डीपीवर गिरणी होती, शेतपंप होते. दुरुस्ती डीपीवरच व्हायला हवी होती. लाइनमनला फोन गेला. त्यांनी सप्लाय बंद करून दोन फेज जागेवर घेतले. लाइट परत आल्यावर कंट्रोलरने लगेच भार हलवला नाही. लाइन टिकते का, हे पाहायला त्यात ठरवून दिलेला वेळ असतो. तो संपला, जनरेटरचा काँटॅक्टर सुटला, लाइनचा बसला, आणि इंजिन गार व्हायला काही वेळ रिकामं चालून थांबलं.

मेस्त्री तरी निघाले नाहीत. त्यांनी मेन स्विच पाडून पूर्ण फेरी करून पाहिली. सेल्फ लागताच कंट्रोलरचा पडदा विझून पुन्हा उजळला. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. उभ्या बॅटरीचं माप १२.६ व्होल्ट होतं, म्हणजे बॅटरी भरलेली. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरी तिच्यावर बसवलेल्या लगवर धरून सेल्फ मारायला सांगितलं. एकाच जागी घट्ट बसलेल्या त्या दोन धातूंमध्ये व्होल्टेज दिसायला नको होतं, पण चांगलंच दिसलं. खुंटीवर पांढरट-हिरवा थर साचला होता. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो तेव्हा तिथे व्होल्टेज पडायचं आणि कंट्रोलर क्षणभर उपाशी राहायचा. खुंटी घासली, लग आवळला, वर पेट्रोलियम जेली लावली. पुढच्या वेळी पडदा हलला नाही.

शेवटी त्यांनी इंटरलॉक तपासला. लाइन आणि जनरेटर यांचे काँटॅक्टर एकाच वेळी बसू नयेत म्हणून दोघांमध्ये यांत्रिक अडसर असतो आणि वायरिंगमधलाही. हा अडसर काढून “जुगाड” करणारे पॅनल मी पाहिले आहेत. जनरेटरची वीज लाइनवर गेली तर डीपीतला ट्रान्सफॉर्मर उलट काम करतो, ४१५ व्होल्टचे ११ हजार करतो, आणि बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. या पेटीतली सगळ्यात मोठी जबाबदारी दुधाची नाही, त्या माणसाची आहे.

“कार्ड गेलं” म्हणून कंट्रोलर बदलला असता तर नवाही तेच सांगत बसला असता, आणि बॅटरीची खुंटी तशीच राहिली असती. ज्यांच्याकडे असं पॅनल आहे, त्या डेअरी, दवाखाने, पोल्ट्री चालवणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे: कंट्रोलरवर शंका घेण्याआधी त्याला काय दिसतंय ते जाणकाराकडून मोजून घ्या. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून, खरा भार टाकून जनरेटर चालवा. इंटरलॉकला कुणालाही हात लावू देऊ नका. आणि रात्री कुलूप घालण्याआधी सिलेक्टर ऑटोवर आहे ना, तेवढं पाहा.