कडेवरचे भावंड

कैनाड हे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले, किनारा मागे टाकून पूर्वेला आत गेल्यावर लागणारे गाव. डहाणू आणि तळासरी या तालुक्यांतल्या बहुतेक गावांसारखेच तेही पाड्यापाड्यांत विखुरलेले. भाताच्या आवणीच्या दिवसांत इथल्या पाड्यावर सकाळी उशिरा गेले तर घरात मोठे माणूस क्वचितच सापडते. आई, बाप, आजी, सगळे गुडघाभर चिखलात वाकलेले असतात. मागे राहतात ती मुले. त्यांच्यातली सात-आठ वर्षांची मुलगी संध्याकाळपर्यंत घरातली कर्ती असते.

तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे भावंड असते. ते तिच्या निम्म्याहून जास्त उंचीचे, त्यामुळे ती कमरेत एका बाजूला झुकून चालते. आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा खांद्यावरून घेऊन तिने बाळाच्या पाठीमागून आवळलेला असतो. पेज भरवताना पहिले बोट ती स्वतःच्या जिभेला लावते, गरम आहे की नाही ते पाहते, मगच बाळाच्या तोंडाशी नेते. बाळ पेंगले की ते झोळीत जाते. झोळीची दोरी ती पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि पायाने झोका देत हाताने तांदूळ निवडते. झोका थांबला की बाळ कुरकुरते, म्हणून निवडण्यात कितीही लक्ष असले तरी अंगठा थांबत नाही.

या मुलीला कोणी दयाळू म्हणत नाही, कारण घरातल्या दहा कामांतले ते एक काम आहे. मुलांमधली माया, कणव आणि धाडस यांचा विचार करायचा तर मात्र सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते. पुरस्काराच्या व्यासपीठावर पोहोचणारे शौर्य एका क्षणाचे असते, हे रोज आठ तासांचे आहे.

व्यासपीठावरच्या शौर्याची हकीकत थोडक्यात अशी. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर एका कार्यक्रमात शामियान्याने पेट घेतला. पंतप्रधान नेहरू तिथे हजर होते. हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या मुलाने खांबावर चढून चाकूने जळते कापड कापून वेगळे केले. त्यातूनच भारतीय बालकल्याण परिषदेचे राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार सुरू झाले. महाराष्ट्रातल्या अनेक मुलांना ते मिळाले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर भागातल्या एका आदिवासी मुलीने दगड मारून बिबट्याच्या तावडीतून बहिणीला सोडवले, तिचाही असा गौरव झाला. अशा मुलांनी त्या क्षणाआधी धाकट्या भावंडांना किती वर्षे कडेवर वागवले असेल, हे मानपत्रात लिहिण्याची पद्धत नाही. लिहायला हवे होते.

मदत करण्याची ओढ माणसात फार लवकर दिसते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये अठरा महिन्यांच्या बाळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि तो त्याच्या हाताला येईना, की बहुतेक बाळे दुडदुडत जाऊन चिमटा उचलून देत. शाबासकी नाही, खाऊ नाही. माणसाने चिमटा मुद्दाम टाकला असेल, तर मात्र ती फारशी हलत नसत. म्हणजे समोरच्याला अडचण आहे, एवढे त्यांना कळत होते.

ही ओढ पुढे वाढते की सुकते, हे कशावर ठरते? जॉन आणि बिअॅट्रिस व्हायटिंग या दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली संशोधकांच्या गटांनी सहा समाजांतली मुले पाहिली आणि दांपत्याने १९७५ मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, अमेरिका आणि आपल्याकडचे उत्तर प्रदेशातले एक गाव. ज्या समाजांत आईला शेतात राबावे लागते आणि धाकट्यांना सांभाळण्याचे, गुरे राखण्याचे, पाणी-सरपणाचे काम मुलांवर असते, तिथली मुले दुसऱ्याला मदत करण्यात आणि धीर देण्यात पुढे होती. अमेरिकेतल्या सुखवस्तू गावातली मुले याबाबतीत मागे होती, आणि आपल्याकडच्या गावातलीही. घराला आपली खरोखर गरज आहे हे ज्या मुलाला रोज जाणवते, त्याच्या अंगी ही सवय मुरते.

त्याच सुमारास कॅरल एम्बर यांनी केनियातल्या लुओ समाजात एक गोष्ट टिपली. ज्या घरांत मुली नव्हत्या, तिथे पाणी, चूल आणि बाळ मुलग्यांकडे आले. ते मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी दांडगाई करणारे आणि दुसऱ्याचा जास्त विचार करणारे निघाले. पाड्यावर हे वेगळे सांगावे लागत नाही. जिथे मोठी बहीण नाही, तिथे भाऊ बाळाला कडेवर घेऊन गुरांमागे जातो, आणि विटीदांडू खेळताना बाळाला आधी सावलीत बसवून येतो. तरीही बहीण असली की बाळ तिच्याच कडेवर जाते, आणि हे बदलायला हवे. मायेची ही शिकवण निम्म्या मुलांना द्यायची आणि निम्म्यांना नाही, यात मुलींवर अन्याय आहेच, मुलग्यांचेही नुकसान आहे.

या सगळ्याची दुसरी बाजू शाळेच्या हजेरीपटावर दिसते. बाळ कडेवर असलेली मुलगी शाळेत येत नाही. आली तर बाळ घेऊन येते, बाळ रडते, वर्ग बिघडतो आणि तिला घरी पाठवले जाते. ‘आदिवासींना शिक्षणाची आवड नाही’ हे जुने वाक्य अशा कितीतरी मुलींच्या गैरहजेरीवर उभे आहे. त्या वाक्याला उत्तर याच डहाणू तालुक्यात मिळाले, कोसबाडच्या टेकडीवर.

ते उत्तर देणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे माँटेसोरी पद्धतीची शहरी बालमंदिरे रुळली, तशी ताराबाईंच्या मनात टोचणी लागली. सागवानी साधने आणि शहरातल्या फीचे हे शिक्षण खेड्यातल्या मुलापर्यंत कसे जाणार? १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुढे जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताईंनी या कामात आयुष्य घातले.

बोर्डीला पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ तिथे आहे. खेळणी विकत आणली नाहीत. शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे आणि बांबूचे तुकडे यांतून मोजणे, जुळवणे, रंग आणि आकार शिकवले. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. हा अभ्यासक्रमाचाच भाग होता.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडला आले, आणि वारली आदिवासींच्या पाड्यांवर दोन गोष्टी समोर उभ्या राहिल्या. मुलगे गुरांमागे होते आणि मुलींच्या कडेवर भावंडे होती. दुसऱ्या कोणी हे शाळेच्या आड येणारे अडथळे मानले असते. या दोघींनी मुलांच्या कामाला मान दिला आणि शाळा त्याभोवती रचली. गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथे शिक्षक गेले, झाडे आणि गुरे मोजत गणित झाले, आणि गुरे सोडून शाळेत बसण्याची सक्ती राहिली नाही. बाळ घेऊन येणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई बाळाला पाळणाघरात सोडते, मधल्याला बालवाडीत बसवते आणि स्वतः वर्गात जाते. मधल्या सुट्टीत ती पाळण्याशी येऊन डोकावते. बाळ हाकेच्या अंतरावर आहे, एवढ्या खात्रीवर तिची पाटी पुरी होते.

बालशिक्षणात यापेक्षा मोठ्या इमारती झाल्या, जाड ग्रंथ लिहिले गेले. पण मुलाची माया ओळखून, तिला धक्का न लावता, तिचे ओझे तेवढे उतरवून ठेवणारी ही रचना फार मोलाची आहे. ताई बाळाला सोडून शाळेत आली नाही, बाळासकट आली. दोन वर्षांनी तेच बाळ बालवाडीत बसले आणि आणखी दोन वर्षांनी पहिलीत. शाळेत जायचे असते हे त्याला पाळण्यापासूनच ठाऊक होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी देशभर गेली, मात्र पाळणाघर मागे राहिले. अंगणवाडीत दिवसाचे काही तास बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. त्याहून लहान बाळाला पोषण आणि लसीकरण मिळते, दिवसभराचा सांभाळ बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कडेवरचे बाळ नेमके याच वयाचे. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आली आहे. कोसबाडला साठहून अधिक वर्षांपूर्वी सुचलेली गोष्ट आता सरकारी कागदावर आहे, ती पाड्यापर्यंत लवकर पोहोचायला हवी.

धाडसाचे प्रसंगही या मुलांच्या रोजच्या वाटेवरच येतात. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा ओहोळ फुगतो. तो ओलांडताना मुले एकमेकांची मनगटे धरून साखळी करतात. सर्वांत थोराड मूल वरच्या अंगाला राहून पाण्याचा जोर अंगावर घेते, सर्वांत लहान मधे असते, दप्तरे डोक्यावर असतात. मनगट धरतात, पंजा नाही. ओला पंजा सुटतो. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचे आणि परत फिरायचे, हेही धाडसच आहे आणि ते मुलांना आवर्जून शिकवले पाहिजे. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारे मूल अनेकदा स्वतःही जाते, कारण घाबरलेला माणूस मिठी मारतो. बांबू, दोर, साडी किंवा रिकामा बंद डबा काठावरून टाकणे आणि ओरडून माणसे जमवणे, हीच बहुधा खरी सुटका असते.

दुसरा प्रसंग सापाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप. त्यांतला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. शेजारी झोपलेल्या भावंडाच्या पापण्या उघडत नाहीत हे ज्या मुलाच्या ध्यानात येते आणि जे मोठ्यांना हलवून उठवते, ते एक जीव वाचवते. करकचून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचे. भगताकडे गेलेला वेळ परत मिळत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला दहा वर्षांच्या पोराला बिबट्यापुढे उभे राहण्याइतकेच बळ लागते.

तिसरा प्रसंग या दोन तालुक्यांवर नव्यानेच आला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तळासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन् महिने थांबले नाहीत. धुंदलवाडी, हळदपाडा या गावांची नावे बातम्यांत येऊ लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. घाबरून बाहेर धावताना एका लहान मुलीचा जीव गेला. थंडीच्या रात्री कुटुंबे घराबाहेर, तंबूंत झोपली आणि शाळा उघड्यावर भरल्या. जमिनीतून गुरगुर आली की मोठी मुले आपोआप धाकट्यांकडे वळतात. कडेवर घेण्याची सवय इथे कामी येते, पण शिस्तही लागते. बाळाला घेऊन धावायचे नाही, भिंतीपासून दूर राहायचे, दारात गर्दी करायची नाही, अंगणात येऊन डोकी मोजायची. धाकट्यांची नावे कोणाला पाठ असतील तर त्या ताईला.

दिवाळी झाली, भात झोडून झाले, की इथली अनेक कुटुंबे ‘जगायला’ जातात. घर सोडून वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर कामाला जाण्याला इथला शब्दच तो आहे. शालेय वर्षाच्या मध्यावर हजेरीपटातली नावे कमी होतात. भट्टीवर आई-बाप चिखल तुडवतात, विटा पाडतात, आणि रचलेल्या विटांच्या आडोशाला बांधलेल्या झोळीजवळ तीच मुलगी बसते. पाड्यावर निदान शेजारची आजी होती, भट्टीवर तीही नाही. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण तिथे ताई एकटी राहू शकते, तिचे बाळ नाही. म्हणून ती बाळाबरोबर जाते.

पहिल्या पावसाआधी कुटुंबे परततात. कुडाला नवे शेण लागते, कौले चाळली जातात, जूनच्या मध्यात शाळा उघडते. पहिल्या दिवशी ती मुलगी दाराशी उभी असते. गेल्या वर्षीचे बाळ आता चालू लागलेले, तिच्या फ्रॉकचा कोपरा धरून मागे दडलेले. कडेवर बहुधा नवे असते. गुरुजी आधी तिचे नाव विचारतात की बाळाला ठेवायची जागा दाखवतात, यावर त्या वर्षीची तिची हजेरी ठरते.