जुन्या पिकअपचा करंट अडतो कुठे?

ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा नुसता मिणमिणतो आणि त्याच बाजूचे इंडिकेटर मात्र न लावताच हलके उजळतात. भाजीपाला, दूध, कांदा वाहून जुन्या झालेल्या पिकअपमध्ये हा प्रकार नेहमीचा. मग बल्ब बदलला जातो, होल्डर बदलला जातो, कुणी फ्लॅशरही बदलतं. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. कारण तो बल्बमध्ये नसतोच, करंटच्या परतीच्या वाटेत असतो.

गाडीतल्या बहुतेक दिव्यांना करंट वायरने पोहोचतो, पण बॅटरीकडे परततो तो चेसिसच्या लोखंडातून. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं असतं. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. यात वायर वाचते, पण बोल्टखाली दाबलेलं अर्थच्या वायरीचं प्रत्येक टोक गंजाची जागा ठरतं. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असताना मध्ये ओल शिरली की लोखंड अधिक वेगाने गंजतं. पिकअपच्या हौद्याखाली तर चिखल, पावसाचं पाणी, गाडी धुतल्याचं पाणी सगळंच साचतं. कोकणात त्यात खारी हवा.

मागच्या दिव्याच्या डब्यात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर या सगळ्यांची मिळून बहुधा एकच अर्थ वायर असते. ती गंजली की ब्रेकच्या बल्बमधून आलेला करंट दुसरी वाट शोधतो. तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून परततो. एका बल्बसाठीचे 12 व्होल्ट असे अनेकांत वाटले गेल्यामुळे सगळेच मंद पेटतात.

यामागचा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनी 1827 मध्ये मांडला: करंट गुणिले रोध म्हणजे त्या रोधात खर्च होणारे व्होल्ट. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज 200 अँपिअर ओढतो. बॅटरीच्या काळवंडलेल्या टर्मिनलमध्ये फक्त 0.01 ओहम रोध असला, तरी तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 400 वॅट उष्णता होते. सेल्फला जे मिळायला हवं ते टर्मिनल तापवण्यात जातं, आणि दोष मात्र बॅटरीला लागतो. हेडलाइटचंही तेच. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्ट 10 टक्क्यांनी घटले, तर उजेड जवळपास 30 टक्क्यांनी घटतो.

हा रोध सापडत का नाही? कारण तपासण्याची आपली पद्धत चुकते. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, तर तो खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. वायरीची एकच तार शाबूत असली तरीही. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, आणि करंट नाही तर रोधात व्होल्ट पडणारही नाहीत. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं बल्बच्या अर्थला लावावं. 0.1 ते 0.2 व्होल्ट आले तर अर्थ ठीक. 1 व्होल्टच्या वर आले तर तो बोल्ट सोडवावा, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासावं, घट्ट आवळावं आणि वरून ग्रीस लावावं. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून बल्बच्या पॉझिटिव्ह टोकापर्यंत मोजता येते.

बॅटरीची परीक्षाही मीटरवरच होते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास असेल तर ती बरीच उतरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि त्याच्या वायरी पाहाव्यात. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळते आहे.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कुठेतरी वायरीचं आवरण घासून तांबं चेसिसला टेकलेलं असतं. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळणं म्हणजे आगीला आमंत्रण. करंट दुप्पट झाला की वायरीत होणारी उष्णता चौपट होते, आणि मग फ्यूजऐवजी अख्खी वायरिंग जळते. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट आहे तोवर तो झगझगीत पेटतो आणि करंटही 2 अँपिअरच्या आत रोखतो. मग त्या फ्यूजवरचे कपलर एकेक करून सोडवत जावं. ज्या कपलरला बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, शॉर्ट त्याच फांदीत आहे.

वायरीला हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी काढावं आणि शेवटी जोडावं. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ त्याच्या कितीतरी पट महाग. तेव्हा कोणताही पार्ट बदलण्याआधी आपल्या वायरमनला एवढंच सांगा: दिवा चालू ठेवून आधी अर्थ मोजा, पार्टचं नंतर बघू.