मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मंडळी, समजा जानेवारी महिना आहे आणि तुमच्या गावचा एक मुलगा शिकायला लंडनला निघाला आहे. विमान मुंबईहून रात्री दोनला सुटते आणि लंडनला सकाळी साडेसहाला उतरते, असे तिकिटावर छापलेले आहे. घरची माणसे म्हणतात, साडेचार तासांचा तर प्रवास! मग सात वाजतात, आठ वाजतात, मुलाचा फोन येत नाही. आईचा जीव टांगणीला लागतो. पण भिण्यासारखे काहीच घडलेले नसते. चुकलेला असतो तो हिशेब. तो कसा करायचा, ते आज पाहू.

आधी अंतर घेऊ. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर एक दोरा मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळून जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेला सरकतो आणि कॅस्पियन समुद्र व काळा समुद्र यांच्या मधून जातो. पृथ्वी गोल आहे ना, म्हणून जवळची वाट दोऱ्याची. ती सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पुढे हाच दोरा युक्रेनवरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे तिथले आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, तेव्हा विमानांना वळसा घ्यावा लागला.

आता वेग. मोठे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. भागाकार केला की आठ तास येतात. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवणे किती जड, हे नावाड्याला सांगायला नको! शिवाय चढणे, उतरणे आणि वळसा आहेच. म्हणून जाताना नऊ-दहा तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ कमी लागतो.

राहिले घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. आपली वेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरची, लंडनची शून्य अंशावरची. ८२॥ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, साडेपाच तास. तेव्हा लंडनचे सकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे बारा. दोन ते बारा, प्रवास दहा तासांचा! उन्हाळ्यात तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा धरावा.

गुरुजी, फळ्यावर एक उदाहरण घाला. हिवाळ्यात लंडनहून सकाळी दहाला निघालेले विमान मुंबईला रात्री साडेबाराला उतरले. प्रवास किती तासांचा? मुले साडेचौदा म्हणतील. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायला सांगा, म्हणजे नऊ तास हे उत्तर येईल.

आणि त्या माउलीला सांगा, दुपारी बाराच्या आधी फोनची वाट पाहू नका. उतरल्यावरही तपासणी आणि सामान यांत आणखी वेळ जातो. तोवर दोन घास सुखाने खाऊन घ्या.